दादाच्या सायकलीचं कुलूप

देवबाग,
ता. १४ जानेवारी १९५८

ती. गंगारामदादास,

यशोदाचो शिरसाष्टांग नमस्कार. हय सगळी बरी आसत. तुझी खुशाली कळव.

तू मागे लिवलंस, शाळेतली भाषा नको, बोलतंस तसाच लिव. म्हणान तसाच लिवतंय. तिसरीपर्यंतचा अक्षर, हसा नको.

दादा, एक मागणा आसा. मुंबैक जाताना तू तुझी सायकल आमच्या घरामागच्या मांगरात ठेवलंस, ती माका चालती करूची आसा. चार वर्सां खाऱ्या वाऱ्यात रवान ती सगळी गंजली. चेन आवळान बसली, टायरांचो भुगो झालो, हात लायलो तर रंगाचे पापुद्रे सुटतत. वरच्या नळयेक तीन ठोके आसत, ते भरूक येतत काय? साखळेचा कुलूप मोडलेला आसा. तू थय रोज सायकली रंगवतंस, तर काय कसा करूचा ता लिव.

सासूबाय म्हणाली, त्यात काय इचारूचा, होडयेक लायतंव ता माशाचा तेल लाव. मी लायलंय. दोन दिस झाले, तेल सुकणा नाय आणि वाडयेतली सगळी मांजरां मांगरात येवन बसली आसत.

आमचे ह्ये माल घेवन फत्तेमारीर गेलेत, शिमग्याक येतले. लवू सात म्हयन्यांचो झालो. परवा तेका वायच ताप इलो. ताप उतारलो, पण तवसर मी तेका खाली ठेवक नाय. सायकल आसली तर मालवणाक डॉक्टराकडे बेगीन जाऊक येयत. माका भय वाटता दादा, दुसरा काय नाय.

माया पातळ करू नको.

तुझी बहीण,
यशोदा


मुंबई,
ता. २६ जानेवारी १९५८

चि. सौ. यशोदेस,

गंगारामचे अनेक आशीर्वाद. पत्र दुकानात वाचलं. मांजरांपाशी आलो आणि असा हसलो की मालक विचारायला लागला, गावाकडे लग्न ठरलं की काय.

आधी ते तेल काढ. रॉकेलचा बोळा घेऊन दोनतीनदा पूस. मग पॉलिश पेपरने लोखंड पांढरं दिसेपर्यंत घास. घासलंस की त्याच दिवशी तांबडं अस्तर मार, रात्रभर उघडं ठेवलंस तर तुमचा वारा सकाळपर्यंत परत गंज आणील. ठोक्यांत लांबी म्हणजे पुट्टी भर, सुकली की घासून नळीच्या बरोबरीला आण. वर काळ्या रंगाचे दोन हात, पातळ. जाड मारलास तर ओघळ येतात. समुद्राकडचं दार लावून घे, आणि दोन हातांच्या मध्ये चार दिवस जाऊ देत. टायर, चेन, रंग, ब्रश सगळं गावी निघालेल्या सत्यवानबरोबर आगबोटीने पाठवतो. तुझ्या शेजारच्या गुणाजीला चेन बसवता येते.

आता एक सांग. कुलूप कोणी मोडलं? मी मुद्दाम साखळी घालून चावी बरोबर आणली होती. वाडीतली पोरं ओहोटीला वाळूवर पळवून तिची वाट लावतील, याची मला खात्री होती. माझी पहिली कमाई ती. तिच्या नळीवर घाव घालणारा गाढव कोण, त्याचं नाव लिही. आलो की कान उपटतो. न विसरता नाव लिही. नवीन कुलूप घेऊन ठेवलं आहे.

लवूला माझा पापा. जिवाला जप, उगाच घाबरू नकोस.

तुझा,
गंगारामदादा


देवबाग,
ता. ३ मार्च १९५८

ती. दादास,

यशोदाचो शिरसाष्टांग नमस्कार. सामान पोचला. तू लिवलंस तसाच सगळा करतंय. घासून घासून बोटांची सालां गेली, पण लोखंड पांढरा दिसला. अस्तर झाला. लांबी भरलंय.

तू नाव इचारलंस. तो गाढव मीच.

गेल्या चैतात माझ्या लेकीक, हिराक, ताप भरलो. तुका कार्डार मी इतक्याच लिवलेलंय की चेडू तापान गेला. त्या दिसा सकाळी तिचे डोळे वर जाऊक लागले. घरात मी आणि सासूबाय. गुणाजी धावत इलो, म्हणालो, सायकल आसली तर पाऊण तासात हिका मालवणाक न्हेतंय. मी मांगरात गेलंय तर साखळ. वरवंटो घेतलंय. तीन घाव चुकान नळयेर बसले, चवथ्याक कुलूप तुटला. सायकल भायर वडली तर चाकां फिरनत नाय, टायर हातात इले.

मगे गुणाजी दुसरी सायकल बगूक धावलो आणि मी, लवू पोटात, हिराक खांद्यार घेवन चलत निघालंय. शाळेची दहाची घंटा वाजत होती. वाळयेत पाय रुतत होते. मालवणाच्या वाटेर वायरीक पोचलंय तेव्हा ऊन माथ्यार इलेला. थय खंयतरी तिचो हात माझ्या गळ्यावरसून सुटलो. माका कळाक नाय. मी आणखी फुडे गेलंय, तिच्याशी बोलत, इला हा आता, इला हा म्हणत.

तुका ह्या सांगणार नव्हतंय. पण दोनदा नाव इचारलंस, खोटा खंयसून लिवू?

ठोके आता डोळ्यांक दिसनत नाय. अंगठो फिरवलो काय गावतत.

माझ्यार रागाव, पण पत्र धाडूचा बंद करू नको.

यशोदा


मुंबई,
ता. १९ मार्च १९५८

चि. यशोदेस आशीर्वाद.

तीन दिवस लिहायला बसतो आणि उठतो. चावी माझ्या ट्रंकेत होती. सुटीच्या दिवशी काढून तिला तेल लावायचो, गंजू नये म्हणून. हे मी तुला का सांगतो आहे ते मला कळत नाही.

मी तुझ्यावर काय म्हणून रागावू? तूच मला शिव्या लिहून पाठव, पण लिही. नवीन कुलूप पाठवायला माझा हात उचलत नाही. काय करू ते तूच सांग.

तुझा,
दादा


देवबाग,
ता. ९ एप्रिल १९५८

ती. दादास,

यशोदाचो नमस्कार. तुका शिव्या कित्याक लिवू? तू चावी घेवन गेलंस तेव्हा हिरा जल्माकय इली नव्हती.

सायकल झाली. काळी, चकचकीत. फुडच्या चाकाच्या वर एक ओघळ रवलो, रागाव नको. गुणाजी समुद्रात गेलो तर हाकतलो कोण, म्हणान मीच शिकलंय. ओहोटयेक वाळू घट्ट आसता, तेना मागसून धरल्यान. पाच-सात वेळा पडलंय. वाडयेतली आनंदीबाई म्हणाली, आता एक मिशी तेवढी लाव. तर आमची सासूबाय म्हणाली, तुझ्याकडे आसा ती दी, हिका शोभात. ह्ये घराक इले, सायकल बगल्यानी. दुसऱ्या दिसा लवूसाठी गोणपाटाची बैठक शिवन कॅरियराक बांदल्यानी.

काल लवू बरो होतो. तेका सासूबायकडे दिलंय आणि दहाची घंटा झाली तशी निघालंय. एकटीच. वायरीक थांबाचा नाय असा ठरवलेलंय, थांबाक नाय. डॉक्टराच्या पायरयेक सायकल टेकवलंय. कंपाउंडर भायर इलो, इचारल्यान, आजारी कोण आसा? म्हटलंय कोण नाय, घड्याळात किती वाजले तितक्या सांगा. तो म्हणालो, अकराक पाच कमी.

हिरा पोचली असती, दादा.

तो म्हणालो, बाय, बसा, पाणी पिवा. बसलंय वायच. मगे घराक इलंय, लवूक पाजूचा होता.

नया कुलूप धाडू नको. सायकल मी भायर ओटयेर उभी करतंय. वाडयेत घराघरात जावन सांगान इलंय, जेका लागात तेना न्हेवची, माका इचारूक थांबाचा नाय.

पावसाआधी एकदा येवन जा. घराक येताना आधी माका भेट, सायकल मगे बग.

तुझी,
यशोदा