आरतीचा डावा गुडघा

शनिवार, संध्याकाळ

डोकं नुसतं फिरलंय. उद्या बास्केटबॉलची फायनल, म्हणून सर आज आमाला बारामतीच्या टीमची सेमीफायनल दाखवायला घेऊन गेले. त्यांची कॅप्टन आरती. आमच्या वरकुट्याचीच, गेल्या वर्षापर्यंत आमच्याच टीममधी. डाव्या गुडघ्याला अजून तोच काळा पट्टा. मला बघून हात केला तिनं. मी तोंड फिरवलं. सोडून गेली ना?

येताना जीपमधी सर म्हणाले, "डावा गुडघा कच्चा हाय तिचा. उद्या तितंच धडक द्यायची."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण! का?

तो गुडघा आमच्यासाठी खेळतानाच गेला. वर पट्टा बांधून तिला परत कोर्टवर ढकललं ते ह्याच सरांनी. म्हणून तर गेली ती.

उद्या आरतीला हरवायचंच हाय. पण धडक द्यायचीच झाली, तर सरांना देईन.