भिंतीच्या पुराव्यासाठी कॅमेरा

३ फेब्रुवारी
धाकट्या जावेमुळे लिहावं लागतंय. ती आणि भाऊजी वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या न्हाणीघरातलं पाणी माझ्या बैठकीच्या भिंतीत मुरतंय आणि ती म्हणते, "मुरत नाही. तुमच्या भिंतीला घाम येतो." भाची वकील आहे. म्हणाली, "मावशी, रोज लिहून ठेव. आणि तारखेसकट फोटो काढ. मग गवंडी आणून वरची फरशी फोडायला लावू." भाऊजींचे दोन्ही गुडघे गेलेले. महिनाभर न्हाणीघर नसलं तर त्यांनी जायचं कुठे? — हा विचार त्यांच्या बायकोने आधी करायचा होता.

५ फेब्रुवारी
माझ्या फोनला बटणं आहेत, कॅमेरा नाही. तेव्हा कॅमेरा घेणे आले. स्वस्त, आणि माझ्या संगणकाला चालणारा. त्यावर लिनक्स आहे. लेकीने घालून दिलं — फुकट, आणि तीन वर्षांत एकदाही रुसलेलं नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाबद्दल असं म्हणता येत नाही.

६ फेब्रुवारी
तीन दुकानं झाली. पहिला — "लिनक्स कुठल्या कंपनीचं?" दुसरा — "बाई, विंडोजच टाकून देतो ना!" म्हटलं, चप्पल चावते म्हणून पाय बदलू? तिसरा — "घरी नेऊन बघा. नाही चालला तर परत मात्र घेणार नाही." काय हा आत्मविश्वास!

८ फेब्रुवारी
संगणकच दुकानात नेला. डबा, पडदा, कळफलक — बाजाराच्या ट्रॉलीत, खाली उशी, वरून चादर. जिन्यात जाऊ भेटली. "जाऊबाई, कोणाला पोचवायला निघालात?" ट्रॉली पुढे ओढली.

तिसऱ्या दुकानदाराने एकेक कॅमेरा वायरीने जोडला. पहिल्याने स्वतःची सीडी मागितली. दुसरा मख्ख. तिसरा कोणीतरी वापरून विकलेला, पेन्सिल सेलवर चालणारा — जोडताक्षणी पेनड्राइव्हसारखा उघडला! घेतला. पावती करताना म्हणतो कसा, "कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घातलं असतं, तर तिन्ही चालले असते."
"हे आधी सांगता येत नव्हतं?"
"तुम्ही बोलू दिलंत कुठे!"
उद्धट.

९ फेब्रुवारी
कॅमेऱ्यात तारीख घातली. ओलीला पट्टी लावून पहिला फोटो काढला.

१४ फेब्रुवारी
वरची दोघं लेकीकडे गेली, दहा दिवसांसाठी. भाऊजी जाताना म्हणाले, "वहिनी, पाण्याचा मेन कॉक बंद केलाय. आता तरी निवांत राहा." टोमणा कळला. फोटो काढला.

१९ फेब्रुवारी
फोटो. शांतता. कॅमेरा गुणी आहे.

२६ फेब्रुवारी
दोघं परवा परतली. उद्या गवंडी येणार. भाचीला पाठवायचे म्हणून अठराही फोटो संगणकावर घेतले. कॅमेऱ्याचा पडदा काड्यापेटीएवढा, त्यात पट्टीचे आकडे वाचता येत नव्हते. इथे आले.

नऊ ते तेरा तारीख — वीस सेंटिमीटर. हलली नाही.
चौदा ते चोवीस — चढत चढत सव्वीस.

वर कुलूप होतं. कॉक बंद होता. पुन्हा बघितले. तारखा बरोबर आहेत, मीच घातल्या आहेत. आणि ओल वरून उतरत नाही, खालून चढते आहे. भिंतीच्या पलीकडे माझी मोरी. माझाच नळ.

भाचीला फोन केला. ती हसली. "मावशी, मग मधले फोटो पाठवू नकोस. कोण मोजायला बसलंय?"

ते अकरा फोटो निवडले. कळ दाबली. संगणकाने विचारलं — नक्की पुसायचे?  वर भाऊजींच्या काठीचा आवाज येत होता, न्हाणीघराकडे आणि परत.

'नको' दाबलं.

२७ फेब्रुवारी
सकाळी साडेआठला, गवंडी यायच्या आत, वर गेले. जावेच्या हातात दिलं: कॅमेरा एक, सेल दोन, कार्ड एक, त्यात फोटो अठरा. पोच मागितली नाही.