शंभर वस्तू आणि सात माणसं

४ मार्च, मंगळवार

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ पक्की आहे. गिऱ्हाइकाच्या दारात पाय ठेवला की वहीत वेळ टाकायची, हा मिस्त्रींचा नियम.

पत्ता आमच्याच इमारतीतला निघाला. आम्ही दुसऱ्यावर, ती सातव्यावर. वाटलं, नेहमीचंच काम — खोक्यातून फळ्या काढा, कपाट उभं करा, उरलेले चार स्क्रू गुपचूप खिशात टाका. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "पलंग सोडवायचाय."

"दुरुस्ती?"

"नाही. सुटा करून घेऊन जा. कुणालाही द्या. मला नको."

दोन वर्षं मी लोकांचे पलंग जोडतोय. नवी जोडपी माझ्या डोक्यावर उभी राहून भांडतात आणि मी पलंगाखालून म्हणतो, जरा पाना देता का. पण पलंगच नको म्हणणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. मी उताणा पडून स्क्रू ढिले करत होतो, ती टॉर्च धरून बसली होती. स्क्रूवर टॉर्च धरणारं माणूस लाखात एक. बाकीचे डोळ्यात मारतात.

गेलो मी. कामातून गेलो.

५ मार्च

पलंग आमच्या खोलीत उभा केला. कुणालाही द्या म्हणाली होती, मीही कुणीतरी आहेच की.

माझा खोलीसोबती दाताचा डॉक्टर होतोय, शेवटच्या वर्षाला आहे. त्याने पलंगावर बसून दोन उड्या मारल्या आणि निदान केलं, "तिने टाकलेल्या पलंगावर झोपून प्रेम जमत नाही. फक्त मणके सुधारतात."

उशी फेकून मारली. उशीही तिचीच.

११ मार्च

आज टेबल आणि खुर्ची सोडवली. मिस्त्री म्हणतात, "अर्ध्या इंजिनियरा, ही बाई घर विकतेय की काय?" त्यांना काय कळणार. ती शंभर वस्तूंत जगणार आहे! एका माणसाला शंभर पुरे, वरचं सगळं ओझं, असं तिचं म्हणणं. फ्रिजवर यादी चिकटवलीय. पहिल्या नंबरवर खुद्द फ्रिज. चमचा एक वस्तू, वाटी एक वस्तू. मोज्यांचा जोड एक धरायचा की दोन, यावर आम्ही वीस मिनिटं वाद घातला. एक मोजा हरवला तर दुसरा वस्तू राहतो का, हा माझा मुद्दा. तिला पटला. मला 'तू' म्हणाली.

यादीच्या शेजारी आणखी एक रकाना आहे. माणसं — सात. तिचं म्हणणं, ओळखी शंभर असतात, पण मनापासून वेळ द्यायचा तर सातांनाच देता येतो. बाकीच्यांचे फोन घ्यायचे नाहीत, निरोपांना उत्तर नाही. रकाना भरलेला आहे. वाचायला मान वळवली तर ती समोर येऊन उभी राहिली.

"आठवा चालत नाही का?"

"मग नियम कशाला? एक जाईल तेव्हा एक येईल."

आता आयुष्यात एकच ध्येय आहे. सातांत यायचं.

१२ मार्च

दंतवैद्य म्हणाला, "म्हणजे तू वेटिंगवर आहेस." दिवसभर बोललो नाही त्याच्याशी.

१६ मार्च, रविवार

पुस्तकांची मांडणी सोडवताना थाप मारली. म्हणालो, माझ्याकडे तर बासष्टच वस्तू आहेत.

तिने टॉर्च खाली केली. "हत्यारं धरून?"

"हत्यारांची पेटी एकच."

"बासष्ट! मला बघायचंय तुझं घर. शनिवारी येते."

पायऱ्यांवरून उतरताना जिभेला हाताने धरून ओढावंसं वाटलं.

१७ मार्च

मोजदाद केली. स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत चारशे अकरा झाल्या, तिथे सोडून दिलं. दंतवैद्याचे प्लास्टरचे जबडेच अठ्ठावीस. "वरचा आणि खालचा मिळून एक धर," तो म्हणाला. तरी चौदा.

१८ मार्च

तिच्या आईने खोकं पाठवलं. दर आठवड्याला येतं. मी मांडणीच्या उरलेल्या फळ्या न्यायला गेलो, तेव्हा फोन स्पीकरवर होता.

"रजई मिळाली का गं?"

"आई, मी नको म्हटलं होतं."

"तू जन्मापासून नकोच म्हणतेस. फरशीवर झोपतेस, पाठ धरेल. आणि मागच्या खोक्यातला कुकर?"

"आहे." (कुकर आमच्याकडे आहे. शिट्टी उत्तम.)

"कोण आलंय? पुरुषाचा खोकला ऐकू आला."

"फळ्या न्यायला आलेत."

"त्यांना पाणी विचार. आणि अहो, तुम्ही जे कोण असाल ते, हिच्या घरात एक तरी खुर्ची ठेवा हो. मी आले तर बसू कुठे?"

मी "हो काकू" म्हणालो. ती हसली नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बघितलंस? हे असं रोज. सकाळी एक, संध्याकाळी एक." आणि रजई माझ्या हातात दिली.

रजई फार ऊबदार आहे. दंतवैद्याने बळकावली.

२२ मार्च, शनिवार

आजचा दिवस लिहिलाच पाहिजे.

पहाटेपासून सामान गच्चीवर चढवलं. लिफ्टच्या अकरा फेऱ्या. दंतवैद्य प्रत्येक फेरीला म्हणत होता, "प्रेमात माणूस घर बसवतो, तू उठवतोयस." दहा वाजता खोली एकदम साधूची झाली. एक चटई, दोन कप, हत्यारांची पेटी. दंतवैद्याला वर सामानाच्या राखणीला बसवलं.

ती आली. भिंतींवरून हात फिरवला. डोळे भरून आले म्हणाली, इतकं मोकळं वाटतंय. मग मोरीत हात धुवायला गेली आणि तिथून आवाज आला, "हे काय आहे?"

साबणाच्या जागी जबडा. खालचा, अक्कलदाढांसकट.

"ती वस्तू नाही," मी म्हणालो. "ते शिक्षण आहे. सोबत्याचं."

तिने मान डोलावली! वाटलं, जिंकलो. तेवढ्यात म्हणाली, "गच्ची उघडी असते का रे? उजेड छान आहे, जाऊ या."

मी सांगितलं, गच्चीला कुलूप आहे, लिफ्ट बिघडलीय, वर पाण्याची टाकी धुतायत. तीन कारणं एकदम दिली की कुणीही ओळखतं. ती निघाली. मी मागून.

गच्चीवर तिचं अख्खं घर मांडलेलं. पलंग, टेबल, खुर्ची, पुस्तकांची मांडणी. टेबलावर कुकर. दंतवैद्याला नीट मांडायची हौस. तो स्वतः तिच्या पलंगावर, तिच्या आईच्या रजईत, उन्हात घोरत होता.

मी वाट बघितली. ओरडेल, थोबाडीत देईल, काहीतरी. ती हसायला लागली. हसता हसता तिच्याच खुर्चीत बसली. दंतवैद्य जागा झाला आणि म्हणाला, "या, बसा. घर तुमचंच आहे."

उतरताना तिने माझी बाही धरली. म्हणाली, "खोटारडा आहेस. पण काहीच टाकलं नाहीस तू. माझं इतकं जपून कुणी ठेवलं नव्हतं."

बाही अजून धुतलेली नाही.

२५ मार्च

सात जण कोण ते एकदाचं कळलं. आई, भाऊ, दोन मैत्रिणी, ऑफिसातली एक ताई, जुनी शेजारीण. आणि व्यायामशाळेतला प्रशिक्षक! तो सातवा. तोच गळणार हे नक्की. आज मुद्दाम त्याच्या व्यायामशाळेवरून गेलो. दंड माझ्या मांडीएवढे. दात मात्र वेडेवाकडे. दंतवैद्य म्हणाला, तारा लावाव्या लागतील, दोन वर्षं. बरं वाटलं.

२७ मार्च

माझ्या आईचा फोन. नेहमीसारखा मोरीतून, नळ सोडून. बाबांना कळू नये म्हणून. विभागप्रमुखांच्या टेबलावर वही आपटून मी कॉलेजातून निघून आलो त्या दिवशी बाबा म्हणाले होते, आजपासून हा आपला कुणी नाही. आईने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी नळ सोडून फोन केला. दोन वर्षं झाली. पाण्याच्या आवाजात अर्धं कळत नाही. "काय?" म्हणून खेकसलो. ती म्हणाली, "काही नाही रे, आवाज ऐकायचा होता."

मग दंतवैद्यावर विनाकारण चिडलो. त्याने चहा करून दिला.

२९ मार्च, शनिवार

तिचा निरोप! "उद्या ये. भिंतीवरची फळी काढायचीय. आणि एक जागा झालीय."

गेला प्रशिक्षक. दाढी केली. दोनदा.

३० मार्च, रविवार

फळीचा एक स्क्रू काढला आणि राहवलं नाही, फ्रिजपाशी गेलो. सातव्या ओळीवर प्रशिक्षक तसाच होता, ठणठणीत. रेघ पहिल्या ओळीवर होती. आईवर. आणि शेजारी सुंदर अक्षरात माझं नाव.

"भांडण नाही झालं," ती म्हणाली. "नुसतं ठरवलं, आता फोन घ्यायचा नाही. इतकं हलकं वाटतंय! ते खोकंही ने."

दाराशी खोकं होतं. न उघडलेलं. पत्ता ठळक, थोरल्या अक्षरात — पोस्टमनला दिसावा म्हणून दोनदा गिरवलेला.

टॉर्च तिने बरोबर धरली होती. तो एक स्क्रू पुन्हा बसवला, घट्ट केला. मग तिच्याकडे पेन मागितलं. तिला वाटलं सही करतोय. मी माझ्या नावावर रेघ मारली.

"अरे, पण तुला तर हेच हवं होतं ना?"

"हो," म्हणालो. खोकं तिथेच ठेवलं, पेटी उचलली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.