खळग्यातली फाटकी पानं

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. शांभवी हिस आत्याचे आशीर्वाद. फुकट असल्यामुळे अनेक.

इकडील सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण ते खोटं होईल. आपल्या घरातल्या पंख्याला रिमोट आला. आजवर या घराण्यातला माणूस उठायचा, भिंतीपर्यंत जायचा आणि बटण दाबायचा. आता तुझा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ चन्नाप्पा, रिमोट मांडीखाली घेऊन बसतो आणि तो कुणी उचलला म्हणून आरडाओरडा करतो. कॉलेजच्या ग्रंथालयात एकोणतीस वर्षं मी हजारो पुस्तकं जागच्या जागी ठेवली. घरात एक रिमोट जागेवर राहत नाही. याची नोंद कुठंतरी व्हावी म्हणून तुला लिहिते.

अशा परिस्थितीत तुझं पानांचं पार्सल उघडलं. पंखा पाचवर. पहिलं पाकीट घरभर झालं. मी आणि खालच्या मजल्यावरची मल्लव्वा रांगून रांगून वेचत होतो. पाकिटावर तू चोवीस लिहिलं होतंस, चोवीसच सापडली, काळजी नको. मल्लव्वानं विचारलं की ही पत्री कुठल्या देवाची. विद्यापीठाची, असं सांगितल्यावर तिनं हात जोडले. तिच्या मते त्यो देव लवकर पावत न्हाय.

तुमच्या विभागातलं पानांचे फोटो काढायचं मशीन मार्चपर्यंत दुसऱ्यांच्या नावावर आहे म्हणतेस, तर आमच्या ग्रंथालयातल्या स्कॅनरवर एकेक पान ठेवून फोटो काढून देते आणि पाकिटं तुझ्या मार्गदर्शक बाईंकडे पोचवते. पण पानात बघायचं काय, ते या अडाणी बाईला लिहून कळव. फोनचं नको. तो तुझ्या डोंगरावर लागत नाही आणि लागला तर चन्नाप्पा सोडत नाही.

तुझी,
आत्या

---

मेघालय, डोंगरावरचा मुक्काम,
२७ नोव्हेंबर २०२४

ती. सुष्मिताआत्यास शांभवीचा सा. न., वि. वि.

पंख्याबद्दल दुखवटा पोचला असं समजावं. बाबांना म्हणावं, मांडी बदला.

मी राहते तो डोंगर चुनखडीचा आहे. पाण्यानं खाऊन खाऊन त्याची चाळण झालीय. पावसासाठी नावाजलेला मुलूख, आणि माथ्यावरची झाडं तहानलेली! पाऊस पडतो तो भेगांतून सरळ खाली गुहांत उतरतो, वर टाचभर माती आणि तापलेला दगड. तिथून दोनशे पावलांवर डोंगर खचून झालेला खोल खळगा असतो. त्यात माती साचते, ओल टिकते, ऊन अकराला येतं नि दोनला जातं. दोन्हीकडे एकाच जातीचं झाड आहे. माथ्यावर त्याचं पान लहान, जाड, चपलेच्या चामड्यासारखं. खळग्यात तेच पान तळहाताहून रुंद आणि इतकं पातळ की पलीकडचं बोट दिसावं.

पण रुंद आणि पातळ होण्याची किंमत असते. अळ्या मूर्ख नाहीत, त्या पातळ तेच खातात. कुठलं पान किती रुंद आणि किती खाल्लेलं, हाच माझ्या प्रबंधाचा अख्खा तिसरा भाग. त्यावर फेब्रुवारीत समिती बसणार आणि काम पुढं चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार. म्हणून फांदीवरची सगळी पानं, जशी असतील तशी, पाठवतेय.

इथं ज्यांच्याकडे जेवते त्या मावशी म्हणतात की पानं गोळा करायला एवढ्या लांब आलेली मी पहिलीच, तुमच्याकडे झाडं नाहीत का.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
शांभवी

---

कोल्हापूर,
२२ डिसेंबर २०२४

चि. शांभवीस आशीर्वाद, मागील पानावरून पुढे चालू.

काम संपलं. शहाण्णव पाकिटं. सकाळी चन्नाप्पाच्या पूजेचा बेल निवडता निवडता तुझीही पाकिटं टेबलावर लावून घ्यायची आणि दुपारी कॉलेजात काचेवर ठेवायची, असं महिनाभर चाललं. प्राचार्यांनी दोनदा डोकावून विचारलं की ग्रंथालयात आयुर्वेद कधीपासून. मी म्हटलं, वाचक येत नाहीत म्हणून झाडपाला ठेवून बघतोय.

तुझं शास्त्र मला पटलं. आपल्याकडेही तेच आहे. शिरोळची पावणी मंडळी नदीचं पाणी पिऊन उसासारखी ऐसपैस वाढलेली, आणि जोतिबाच्या डोंगरावरचे दुकानदार बारके नि कातडीनं जाड, भाव करून बघ. फक्त अळ्यांबद्दल तुझी समजूत चुकलेली दिसते. खळग्यातली पानं इतकी निर्मळ आहेत की लग्नपत्रिकेवर छापावीत.

पाकिटं काल तुझ्या मार्गदर्शक प्रियदर्शनीबाईंच्या हाती दिली. बाई मुरगूडच्या, तेव्हा चहा मिळाला आणि हसू मिळालं नाही.

जेवत जा.

आत्या

---

मेघालय,
८ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

आज खाली बाजारात उतरले तेव्हा बाईंचा फोन लागला. त्यांनी स्वतः बसून पाकिटं मोजली. खळग्याच्या अठ्ठेचाळीस पाकिटांवर मी पेन्सिलीनं लिहिलेला आकडा आणि आतली पानं यांत तीनशे सहाचा फरक आहे. माथ्याच्या पाकिटांत फक्त अकराचा. आणि उरलेल्या पानांत एकही खाल्लेलं नाही. मी स्वतःच्या हातांनी तोडलीत ती, आत्या. चारातल्या एकाची तरी जाळी झाली होती.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्या एवढंच म्हणाल्या की फाटकी पानं काढली की आलेख देखणा होतो, आणि देखणे आलेख त्यांनी पुष्कळ पाहिलेत. यापेक्षा शिव्या बऱ्या.

तुझ्या पंख्यानं पुन्हा काही केलं का? कपाटामागं, सोफ्याखाली बघ ना. रागावले नाहीये. पण समिती महिन्यावर आलीय आणि मला सांगायला काही नाही.

शांभवी

---

कोल्हापूर,
२० जानेवारी २०२५, सोमवार

चि. शांभवीस,

पंखा निर्दोष आहे.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. दोन दिवस मी सोफा हलवला, मल्लव्वाची उलटतपासणी घेतली आणि पोस्टखात्याला नावं ठेवली. आज सोमवार म्हणून बेल जास्त होता. चन्नाप्पा आंघोळीला, रेडिओ चालू, मी निवडत बसले. छिद्राचं पान बाजूला, अळीनं खाल्लेलं बाजूला, मोडलेलं बाजूला. टोपली अर्धी झाल्यावर माझं माझ्या हाताकडे लक्ष गेलं.

किडकं पान देवाला चालत नाही. सात वर्षांची होते तेव्हा आईनं बोटांवर पळी मारून हे शिकवलं. तिनं शिकवलेलं बाकी सगळं मी सोडलं, उपास सोडले, वार सोडले, आणि जे पाळतात त्यांची तीस वर्षं टिंगल केली. हे मात्र डोक्यात नव्हतंच, हातात होतं, त्यामुळे राहून गेलं. बेल संपला की तुझी पाकिटं त्याच टेबलावर, त्याच हातांपुढं येत होती. तू पत्रात स्पष्ट लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं, कळलंही होतं. तुझी तीनशे सतरा पानं निर्माल्यातून केव्हाच गेली.

चन्नाप्पाला सांगितलं. त्याचा आधी विश्वास बसेना. मग तो म्हणाला की नाहीतरी देवाच्याच टोपलीत गेली की. त्याला मी जे उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

प्रियदर्शनीबाईंना जाऊन सांगते. तुझं उत्तर येईपर्यंत थांबते, एवढंच.

आत्या

---

मेघालय,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न., वि. वि.

जाऊ नकोस. तुझं पत्र यायच्या आधीच मी बाईंना सांगून टाकलं होतं की मोजल्यावर खराब पानं मीच काढली, नवखेपणानं. तुझं नाव घेतलं असतं तर समितीनं तुला बोलावलं असतं, कॉलेजला विचारलं असतं. तुझी नोकरीची चार वर्षं राहिलीत. आणि खरं म्हणजे पानं माझी होती, तुझ्याकडे दिली मी.

बाईंनी समिती एप्रिलपर्यंत पुढं ढकलून घेतली. सगळे खळगे पुन्हा करायचेत. फाइलवर त्यांनी शेरा मारलाय की संशोधकानं नमुने निवडून घेतले. तो राहील. एका शेऱ्यानं कुणी मरत नाही. रोज सहाला खळग्यात उतरते, गुडघे बाबांच्या वयाचे झालेत, पण पानं झकास खाल्लेली आहेत! एवढ्या आनंदानं किडकी पानं तोडणारी बाई इथल्या लोकांनी पाहिली नव्हती.

या खेपेला पाकिटं सीलबंद, थेट विभागात. तुला मावशींच्या बागेतली विड्याची पानं पाठवीन. ती हवी तशी निवड.

यावर आता पत्र नको. दुसऱ्या कशावर तरी लिही. माया कमी करू नकोस.

तुझी,
शांभवी

---

कोल्हापूर,
११ फेब्रुवारी २०२५

डॉ. प्रियदर्शनी यांस सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात आपल्याकडे पानांची पाकिटं पोचवणारी ग्रंथपाल ती मीच. आपण चहा दिला होता.

आपली विद्यार्थिनी शांभवी हिनं खळग्यातली खराब पानं तिनंच काढल्याचं सांगितलं आहे. ते खरं नाही. पाकिटं माझ्याकडे आली तेव्हा पूर्ण होती. फाटकी पानं मी काढली. हेतू काही नव्हता. आमच्या घरी पूजेचा बेल निवडतात, त्या सवयीनं हात चालला. तिला हे मी कळवेपर्यंत माहीत नव्हतं.

नुसत्या पत्रावर विश्वास ठेवावा असं माझं म्हणणं नाही, आपणही ठेवणार नाही. मंगळवारी, १८ तारखेला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. दुपारी दोनला विभागात येते. धड आणि खाल्लेली अशी शंभर पानं मिसळून माझ्यापुढं ठेवावीत आणि माझ्याशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलत राहावं. दहा मिनिटांनी काय उरतं ते आपण बघावं. समितीपैकी कुणाला बसवायचं असेल तर हरकत नाही. आमच्या प्राचार्यांना या पत्राची प्रत आज सकाळीच दिली आहे.

त्यानंतर योग्य वाटल्यास फाइलवरच्या शेऱ्यात संशोधकाच्या जागी माझं नाव घालावं. ते खाली पूर्ण लिहिलं आहे. शांभवीला मी यातलं काही कळवलेलं नाही. ती सध्या खळग्यात असते, तिला कामात राहू द्यावं.

कळावे.

आपली,
सुष्मिता शिवलिंगप्पा हळ्ळोळी
ग्रंथपाल