उबदार पाणी, अटी लागू

१ जानेवारी

संकल्प एकच. या वर्षी समुद्राखाली जायचं.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, नंतर कोणी माझ्यावर ढकलायला नको. मे महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होतात. काय करायचं, असं बायकोने जेवताना विचारलं. मी म्हणालो, तू म्हणशील ते. पंचवीस वर्षं हेच म्हणत आलोय आणि कधी काही बिघडलं नाही. या वेळी ती म्हणाली, स्कुबा डायव्हिंग.

मी हसलो. ती हसली नाही.

ती दातांची डॉक्टर. तोंडात नळी असलेल्या माणसांशी बोलण्यात तिची हयात गेली. म्हणाली, आयुष्यात एकदा तुला अर्धा तास गप्प बघायचंय, आणि माझ्या शेजारी. पाण्याखाली प्रत्येकाला एक जोडीदार लागतो, त्याला बडी म्हणतात. हाताच्या अंतरावर राहायचं, एकमेकांच्या हवेकडे लक्ष द्यायचं. तू माझा बडी हो, दुसरं काही नको. नाही जमलं तर आईला विचारते.

आई म्हणजे तिची. वय एकोणसत्तर.

मी लगेच हो म्हणालो. आईचं नाव निघालं नसतं तरी म्हणालो असतो.

४ जानेवारी

कामं वाटून घेतली. पोहण्याचा क्लास ती बघणार, जागा मी निवडणार. योग्य काम योग्य माणसाकडे. बावीस वर्षं विमा कंपनीच्या क्लेम विभागात आहे. कच्चा क्लेम मला पाकिटाच्या वजनावरून कळतो.

माझा निकष ठरला: पाणी उबदार आणि मामला निवांत. असा वेगळा प्रकारच असतो, वॉर्म वॉटर, रिलॅक्स्ड. ही काळजी मी बायकोसाठी घेतोय. तिला गारठा सोसत नाही. (ती बारा महिने गार पाण्याने अंघोळ करते. ती गोष्ट वेगळी.)

९ जानेवारी

पहिला क्लास. पाणी सव्वीस अंश, असं बोर्डावर लिहिलंय. बोर्डावर काय, कोणीही लिहितो.

शिकवणारी मुलगी पंचविशीची, गळ्यात शिट्टी. यापुढे तिचा उल्लेख शिट्टी. म्हणाली, काका, चेहरा पाण्यात घाला. किती वेळ, असं मी विचारलं. म्हणाली, आधी घाला तर. घातला. वर आल्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. मी ओरडत होतो म्हणे. शिट्टी म्हणाली, काका, पाय टेका, पाणी कमरेएवढंच आहे.

पाय मी टेकलेलेच होते. जवळजवळ.

१० जानेवारी

शिंका. सिद्ध झालं की माझी प्रकृती उष्ण पाण्याची आहे. सव्वीस अंशात माझी परीक्षा घेणं म्हणजे माशाला जिना चढायला लावणं. हे शिट्टीला सांगितलं. म्हणाली, काका, लॉकरची किल्ली परत करा.

१९ जानेवारी

डायनिंग टेबलावर माहितीपत्रकं पसरली. रविवार सत्कारणी.

कासवांचं बेट. पाणी अठ्ठावीस अंश, तळ दिसतो, सगळं छान. पण ‘कासवं अगदी जवळ येतात’ असं कौतुकाने छापलंय. जवळ म्हणजे किती, ते छापलेलं नाही. नामंजूर.

बुडालेल्या जहाजाची खाडी. ज्या पाण्यात अनुभवी खलाशांचं जहाज बुडालं, तिथे आपण पैसे भरून जायचं. नामंजूर.

प्रवाहाबरोबर तरंगत जायचा प्रकार. काही करावंच लागत नाही, पाणीच पुढे नेतं. परत कोण आणतं? बोट. बोट कुठे येते? तुम्ही जिथे निघाल तिथे. आम्ही कुठे निघणार? यावर पत्रक गप्प. नामंजूर.

सासूबाई चहा पीत बसल्या होत्या. म्हणाल्या, जावईबापू, पाणी सोडून सगळं बघून झालं वाटतं.

२ फेब्रुवारी

सासूबाई आज आमच्याबरोबर तलावावर आल्या. फक्त टॉवेल धरायला, असं ठरलं होतं. बाकावर बसून पेपर वाचत होत्या. शिट्टी म्हणाली, आजी, पाय तरी सोडा पाण्यात. सोडले. सोडून कोडं सोडवत बसल्या.

लग्नापासून त्या मला पाण्यात पाहत आल्या आहेत. आता समोरासमोर पाहतील, एवढाच फरक.

९ फेब्रुवारी

सासूबाई पाण्यात. स्विमिंग सूट कधी घेतला, कोणाला पत्ता नाही. दहा मिनिटं उताण्या तरंगल्या, सोफ्यावर दुपारी पडतात तशाच. मध्ये एकदा डोळेही मिटले. शिट्टीने टाळ्या वाजवल्या.

यात कौतुक कसलं? वयाने हाडं पोकळ होतात. माझी अजून भरीव आहेत, म्हणून मी बुडतो. हे बायकोला समजावलं. तिने माझ्याकडे, माझा दात काढायचा की ठेवायचा, अशा नजरेने पाहिलं.

२० फेब्रुवारी

ऑफिसात शेजारच्या टेबलवाल्याला उबदार पाण्यातल्या डायव्हिंगविषयी जेवणाच्या सुट्टीभर माहिती दिली. किनाऱ्यावरून चालत शिरणं चांगलं की बोटीतून उडी, सूट किती जाड, कानावरचा दाब नाक दाबून कसा सोडायचा. दोघंतिघं जमली. शेवटी त्याने विचारलं, साहेब, तुम्ही किती वेळा गेलात खाली?

मी म्हणालो, मी निवड समितीवर आहे.

तेव्हापासून मला कॅप्टन म्हणतात. आदराने.

१ मार्च, सकाळी ७

मोठा शोध. बादलीत गरम पाणी, स्वयंपाकघरातलं थर्मामीटर, मास्क लावून चेहरा आत. अठ्ठावीसला अस्वस्थता. तीसला बरं. एकतीसला स्वर्ग. पूर्ण तीस सेकंद काढली आणि एकदाही ओरडलो नाही. बायको दार वाजवत होती, तिला क्लिनिकला उशीर होत होता. शास्त्रात अशा गोष्टी होतात.

तात्पर्य: एकतीस अंशाला मी निष्णात आहे. खोली, एक बादली. पुढे वाढवता येईल.

१५ मार्च

तलावावरची परीक्षा. बायको पास. सासूबाई पास. माझी पुढे ढकलली. मी ढकलली, तलावाने नाही. शिट्टी म्हणाली, काका, घाई नाही. मी म्हणालो, घाई मला कधीच नव्हती.

२३ मार्च

आज एक अप्रिय प्रसंग. मी दक्षिणेकडचं एक बेट नामंजूर करत होतो. (तिथे शिडी लाकडी आहे.) बायको हात पुसत आली. म्हणाली, मला एक सांग, तू बेटं नामंजूर करतोयस की मला?

मी तिला कार्यपद्धती समजावली. कुठल्याही अर्जाकडे व्यक्ती म्हणून बघायचं नसतं, कागदपत्रं बघायची असतात.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी आईचं तिकीट काढते. तू ठरव. आणि क्लिनिकला गेली. रविवार होता. क्लिनिक बंद असतं.

२४ मार्च

आता कळेल मायलेकींना. जागा निवडत बसायचं नाही. आपल्या अटी पाठवायच्या आणि कोण टिकतं ते बघायचं. जिथे जायचं बायकोच्या मनात आहे, तिथल्याच डायव्हिंग सेंटरला सविस्तर मेल केला. पाणी एकतीस अंश, त्याखाली नाही. प्रवाह शून्य. सुरुवातीची खोली चार फूट. शिडी लोखंडी, दोन्ही बाजूंना कठडा. तळहातापेक्षा मोठा मासा नको. शिकवणारा शांत स्वभावाचा, शिट्टी न वाजवणारा. बडी अनुभवी.

एवढ्या अटी पुऱ्या करणारी कंपनी मी बावीस वर्षांत पाहिलेली नाही. नाही म्हणतील. मग बायकोला दाखवता येईल की माझी इच्छा होती.

२९ मार्च

उत्तर आलं. सर्व अटी मंजूर.

तीनदा वाचलं. एकही हरकत नाही, एकही स्पष्टीकरण मागितलेलं नाही. बड्या सेंटरने शरणागती पत्करली. ठाम राहिलं की हे असं होतं. माझी बॅच ‘छोटे पाणबुडे’. छोटी बॅच म्हणजे प्रत्येकाकडे जातीने लक्ष. टॉवेल आणि एक आवडतं खेळणं सोबत आणा, असंही लिहिलंय. भाषांतर करणाऱ्याला कॅमेरा म्हणायचं असावं.

एका कागदावर पालकाची सही हवी. विम्यात याला जामीनदार म्हणतात. बायकोपुढे ठेवला. तिने वाचला, परत वाचला, सही केली. ओठ घट्ट मिटून घेतले होते. भावुक झाली असावी. सासूबाईंना दाखवायला घेऊन गेली. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

९ मे

ऑफिसात निरोपाचं भाषण केलं. फक्त आठवडाभर जाणार आहे, पण कॅप्टनने असं गुपचूप निघणं बरं दिसत नाही. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, कोणतं बेट? मी म्हणालो, बेटाने मला निवडलं.

१२ मे

पोचलो. खोलीतून समुद्र दिसतो. निळा आहे, मान्य करतो. बायकोने खिडकीत उभं राहून विचारलं, उद्या सकाळी बोट आहे, तिसरी जागा अजून रिकामी आहे, येतोस? आवाज अगदी साधा. मी म्हणालो, माझं बुकिंग झालंय. मंजूर झालेलं सोडायचं नसतं.

ती म्हणाली, बरं.

कॅमेरा चार्ज केला.

१३ मे, संध्याकाळ

सकाळी बायको आणि सासूबाई बोटीने गेल्या. एकमेकींच्या बडी.

माझी बॅच अकराला. चौदा जणांची. छोटे होते ते पाणबुडे.

सगळं अटींप्रमाणे. पोहण्याचा तलाव, हॉटेलच्या मागे. एकतीस अंश. चार फूट. शिडी लोखंडी. मासा एकच, टाइलवर रंगवलेला, तळहाताएवढा. शिकवणारा शांत. बडी अनुभवी: तिचं हे तिसरं वर्ष. वय आठ, पुढचे दोन दात नाहीत. तिने माझ्या हवेचा काटा पाहिला, पट्टा ओढून पाहिला, मग हात धरला. मी आधी नको म्हणालो. मग नको म्हणायचं सोडून दिलं.

खाली गेलो. तळाशी बसलो. श्वास येत होता. वेळ मोजायला विसरलो. तिचे केस वर तरंगत होते. पाणी किती उबदार आहे, एकतीस नक्की असणार, हे तिला सांगावंसं वाटलं.

वर आल्यावर ती थेट शिकवणाऱ्याकडे गेली. म्हणाली, उद्या मला दुसरा बडी द्या. हे काका पाण्याखाली पण बोलतात.

काठावर बायको उभी होती, ओल्या केसांनी. कधीपासून, ते विचारलं नाही. ती त्या मुलीकडे वाकली आणि म्हणाली, मला माहीत आहे गं. दोघी मिळून माझ्याकडे बघत राहिल्या.

अपील करायला कारण शोधतोय. पाणी ठीक. प्रवाह नाही. कठडा भक्कम. अटी माझ्या, भाषा माझी, खाली पालक म्हणून सही बायकोची. कारण सापडत नाही.

उद्या मला बडी नाही.