ताईची दुसरी सफर

प्रिय धाकटे,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. तुझ्या ताईचं वजन थोडं वाढलंय, माझं पोट एकदाच बिघडलं आणि जहाज अजून तरंगतंय. मी तुला आजवर कधी पत्र लिहिलेलं नाही, आपलं सगळं फोनवरच चालतं. पण जे सांगायचंय ते फोनवर सांगायला घेतलं तर तू मधेच काहीतरी बोलशील, मी चिडेन आणि मुद्दा राहून जाईल. आज तुला मधे बोलता येणार नाही. जहाजाच्या वाचनालयात बसून लिहितोय. इथे पुस्तकं कमी आणि डुलक्या काढणारे जास्त, त्यामुळे निवांतपणा आहे.

आधी जहाजाबद्दल सांगतो, नाहीतर तू म्हणशील, बारा दिवसांच्या एवढ्या थाटाच्या सफरीला गेले आणि भाऊजींनी एक शब्द लिहिला नाही. बारा मजले आहेत आणि अकरा लिफ्ट. पहिल्याच दिवशी मोजल्या. तेहेतीस वर्षं लोकांच्या लिफ्ट तपासण्यात गेली, आता सवय कुठली सुटायला? आत शिरलो की आधी तपासणीची तारीख वाचतो. जेवण दिवसातून पाच वेळा. केबिनमध्ये उशीवर रोज टॉवेलचा एखादा प्राणी करून ठेवतात, काल हत्ती होता, आज जे आहे ते कुत्रा की बदक यावर आमचं एकमत झालं नाही. बायका खूश, पुरुष दोन दिवसांत कंटाळून एकमेकांना आपापल्या आजारांची माहिती देतात. एकंदरीत सुख आहे. पण मला त्या सुखाचा घास गिळता आला नाही, त्याचं कारण चढतानाच घडलं.

बंदरावर एक मोठी शेड, त्यात रांग, पुढे काउंटर आणि काउंटरवर एक हसरी मुलगी. तिने माझा पासपोर्ट बघून मला गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं, त्याला पांढरी फीत. मग ताईचा पासपोर्ट घेतला, कॉम्प्युटरमध्ये डोकावली आणि तिला दिलं निळ्या फितीचं. वर म्हणाली, “परत आलात, बरं वाटलं.” मी विचारलं, हा फितीतला फरक कशासाठी? तर निळी फीत या जहाजावर आधी येऊन गेलेल्यांना देतात. मी म्हटलं, आम्हा दोघांची ही पहिलीच वेळ, काहीतरी घोटाळा आहे, जरा नीट बघा. ती बघायला लागली तेवढ्यात ताईने माझी बाही ओढली. म्हणाली, मागे लोक खोळंबलेत, फीत निळी असली काय नि हिरवी असली काय. तुला माहीतच आहे, नोंदीत चूक दिसली की ती दुरुस्त झाल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही. त्या दिवशी पडलं, कारण तिने बाही सोडलीच नाही.

घरून निघताना तिने बॅगेत डझनभर लोहचुंबकाचे हूक टाकले होते. मी तेव्हा हसलो होतो. केबिनमध्ये पोचल्या पोचल्या तिने ते भिंतीवर पटापट चिकटवले आणि टोप्या, पिशव्या, ओले टॉवेल टांगून मोकळी झाली. भिंती लोखंडी आहेत हे हिला कसं ठाऊक? विचारलं तर म्हणाली, इंटरनेटवर प्रवाशांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं असतात, त्यात वाचलं. केबिन खालच्या मजल्यावरची आणि मधोमध घ्यावी, तिथे जहाज कमी हलतं, हेही तिथेच वाचलं. बरं. मी मान डोलावली. पण लिफ्टमधून बाहेर आल्यावर पाटी न बघता डावीकडे वळायचं, हे कुठल्या उत्तरात लिहिलेलं असतं? मी उजवीकडे जाऊन वळसा घालून आलो, तोवर ही केबिनच्या दारात उभी.

तिसऱ्या दिवशी जेवणघरात आणखी एक प्रकार झाला. तिथे पांढऱ्या मिशांचा एक वयस्क वेटर आहे. आमचं टेबल त्याच्याकडे नव्हतं. तरी तो लांबून चालत आला, न विचारता ताईपुढे गरम पाण्याचा कप आणि लिंबाची फोड ठेवली आणि हळूच म्हणाला की खिडकीजवळचं छोटं टेबल आज रिकामं आहे. मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो चुकीच्या घराची बेल वाजवलेल्या माणसासारखा मागच्या मागे निघून गेला. ताई म्हणाली, सगळ्यांनाच म्हणत असेल. मला तर काही म्हणाला नाही.

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात कॅलेंडर उलटं फिरवायला लागलो. लग्नानंतर तुझी ताई माझ्याशिवाय लागोपाठ बारा दिवस कुठे राहिली? एकदाच. चार वर्षांपूर्वी, तुझ्या ऑपरेशनच्या वेळी. मी रोज फोन करायचो आणि रोज तूच उचलायचीस. ताई औषधं आणायला गेलीय, ताईचा आत्ताच डोळा लागलाय, ताई शेजारी गेलीय. मी तुझ्या टाक्यांची किती आपुलकीने चौकशी करायचो, आठवतंय? जिने चढू नकोस, जड उचलू नकोस, खोकताना पोटाला उशी धर. तू सगळ्याला हो हो म्हणायचीस. आता मला सांग धाकटे, टाके होते कुठे? ताई परत आली तेव्हा रापली होती. मी विचारलं तर म्हणाली, तुझ्या गच्चीवर कपडे वाळत घालून घालून. बारा दिवसांत तुम्ही दोघी बहिणी एवढे काय कपडे धूत होतात, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

चौथ्या दिवशी नाट्यगृहात प्रवाशांच्या शंकांचा कार्यक्रम होता. मंचावर जहाजाची एक अधिकारी बाई, समोर चारपाचशे माणसं. एकाने विचारलं, जहाजाला वीज किनाऱ्यावरून केबलने येते का? लोक हसले. एका आजींनी विचारलं, इथे कोणी दगावलं तर कुठे ठेवता? कोणी हसलं नाही. बाईने शांतपणे सांगितलं की त्याची सोय असते. मग मी हात वर केला. म्हटलं, आधी येऊन गेलेल्या प्रवाशांची नोंद तुम्ही किती वर्षं ठेवता, आणि त्यांच्यासोबत केबिनमध्ये कोण होतं हेही त्यात असतं का? बाई म्हणाली, नोंद असते, पण ज्याची त्यालाच दाखवतो. ताई माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. टाळ्या वाजवायच्या नव्हत्या तिथे तिने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. काउंटरवर जाऊन सांगितलं की बायकोची तब्येत बरी नाही, तिच्या मागच्या सफरीची माहिती डॉक्टरांना हवीय. त्या मुलीने गोड हसून नकार दिला. मग मी माणसं तपासायला लागलो. शेजारच्या टेबलावरचा दातांचा डॉक्टर ताईला रोज दोनदा हसून दाखवायचा. पियानोवाला तिच्याकडे बघून मान लववायचा. तो सगळ्यांकडेच बघून लववतो हे मला दिसत होतं, तरी मी त्याचा पिच्छा सोडला नाही. पासष्टीच्या बाईवर आणि तिच्या सत्तरीला आलेल्या नवऱ्यावर ही काय वेळ, असंही वाटायचं. पण संशय आला की भूक लागत नाही आणि इथे तर दिवसातून पाच वेळा समोर ताट येतं.

सहाव्या दिवशी जेवण झाल्यावर ती म्हणाली, वाचनालयात जाऊन येते. ती वाचनालयाकडे वळलीच नाही. वरच्या मजल्यावर, जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला गेली. तिथे चार लाकडी खुर्च्या आहेत, एरवी तिकडे कोणी फिरकत नाही. संकटाच्या वेळी समुद्रात सोडायच्या बोटी टांगलेल्या असतात, त्यांच्या आडोशाला मी उभा राहिलो. म्हटलं, आता येईल जो कोण यायचा तो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझे गुडघे भरून आले. ती खुर्चीत बसून होती, पुस्तक नाही, विणकाम नाही, फोन नाही. जहाजामागे पाण्यात जो पांढरा पट्टा उमटत जातो त्याच्याकडे बघत होती. पावणेदोन तास, धाकटे. कोणीही आलं नाही. तोवर मला वाटत होतं, कोणीतरी येणं हे सगळ्यात वाईट. त्या दिवशी तिथून उतरताना वाटलं, कोणी आलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं त्याच्याशी.

काल सकाळी जहाज एका बंदराला लागलं, सगळे फिरायला उतरले. आम्ही केबिनमध्येच होतो. ती टॉवेलची घडी करत होती आणि मी विचारलं, “कोण होतं तेव्हा तुझ्याबरोबर?” ती चपापली नाही. म्हणाली, “कोणीच नव्हतं. म्हणून तर गेले होते.”

मग ती बोलायला लागली आणि मी ऐकलं. हे तुला सगळं ठाऊक आहे, पण मी काय ऐकलं ते तुला कळू दे. मी निवृत्त होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. फ्रिजच्या दारावर मी तापमानाचा तक्ता लावला होता. डब्यांची उंचीप्रमाणे मांडणी केली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात वीस मिनिटांचं काम असताना चाळीस मिनिटं का लागली, हे मी रोज विचारायचो. ती फोनवर बोलत असली की कोण आहे म्हणून शेजारी जाऊन उभा राहायचो. मला वाटत होतं, मी घरात लक्ष घालतोय, तिला मदत करतोय. ती म्हणाली, “लिफ्ट संपल्या आणि घरात तपासायला एकटी मीच उरले.” ती परत न यायच्या बेताने निघाली होती. तुझी माडीवरची खोली तयार होती, तिची मोठी सूटकेस तिथे पोचली होती. फक्त शेवटचा निर्णय तिला अशा ठिकाणी घ्यायचा होता जिथे कुठे होतीस असं कोणी विचारणार नाही, तूसुद्धा नाही. म्हणून जहाज.

मी विचारलं, मग परत का आलीस? तिने त्या टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा केली. मी वाट बघत होतो. तिला माझी आठवण आली, असं काहीतरी म्हणेल वाटलं होतं. खोटं का होईना. ती म्हणाली, “ठरलंच नाही. बारा दिवस संपले, जहाज परत आलं, म्हणून मीही आले.” मग मी म्हटलं, तर मला घेऊन पुन्हा याच जहाजावर कशाला यायचं? जगात दुसरी जहाजं नव्हती? त्यावर ती पहिल्यांदा थोडी हसली. चार वर्षं सांगायचं म्हणत होती, तोंड उघडत नव्हतं. मनात आलं, याच जहाजावर नेलं की हे शोधून काढतीलच, इतकी वर्षं दुसरं केलंय काय. आणि मग मी खरंच शोधायला लागल्यावर प्रत्येक वेळी तिचाच धीर सुटला.

आता या पत्राचं कारण. उद्या सकाळी आम्ही उतरू, पण ताई घरी येणार नाही. ती बंदरावरून सरळ तुझ्याकडे येतेय आणि या वेळी तिने ते मला स्वतः सांगितलंय. किती दिवसांसाठी ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ओठांपर्यंत आलं होतं, गिळलं. तू माझी बाजू मांडू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, दोन दिवसांत म्हणशील, भाऊजी तसे मनाने चांगले आहेत. म्हणू नकोस. आणि मी फोन करेन, कारण करणारच, तेव्हा ती काय करते, काय बोलते, सूटकेस उघडलीय की बांधलीय, यातलं मला काहीही सांगू नकोस. कितीही खोदून विचारलं तरी नाही. हे मला एकट्याला जमणार नाही, म्हणून तुझी मदत मागतोय. पत्र तिच्याच हाती पाठवतोय. मी बोटींच्या आडोशाला उभा होतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. पाकीट चिकटवलेलं नाही. तिला वाटेत वाचावंसं वाटलं तर वाचू दे.

तुझाच, अजून तरी,
भाऊजी