फितीतली रिकामी जागा

मी, हौशीराम भिवा ओव्हाळ, वय वर्षे चौसष्ट, धंदा पेंटर (सध्या बंद), राहणार वलवण, लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि नशापाणी न करता करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात ठिकाणावर नाहीत. तीन वर्षांपासून कंपवाताने दोन्ही थरथरतात, उजवा जास्त. कायद्याला फक्त डोके लागते असे वकिलांनी सांगितले, म्हणून मी सांगतो आहे आणि शेजारची चैताली टाईप करते आहे. मधली बडबड गाळायची नाही असे मी तिला बजावले आहे. वकील म्हणाले होते गाळा. पण मरणार मी आहे, ते नाहीत.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. नंतर करण्याइतकी उमेद राहील असे वाटत नाही.

कलम १. वलवण गावठाणातील माझे दोन खोल्यांचे घर, पुढच्या ओट्यासह, माझी पत्नी रतनबाई हिला मिळावे. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये आणि शनिवार-रविवारच्या पर्यटकांना भाड्याने देऊ नये. शेवटची अट मुलगा संदेश याच्यासाठी आहे. त्याला आंबीच्या कंपनीत कायमची नोकरी आहे, तरी कोणतीही भिंत दिसली की त्याला तिथे होमस्टे दिसतो. रतनबाईच्या पश्चात घर संदेश आणि मुलगी अपेक्षा यांना निम्मे निम्मे. त्या वेळी हक्कसोडपत्राचा कागद घेऊन कोणी अपेक्षाच्या दारात जाऊ नये. तिने या घरात आधीच बरेच सोडले आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते रतनबाईचे. संदेशने पासबुक पाहून तोंड वाकडे करू नये.

कलम ३. माझे ब्रश, टेकूची काठी, रेघ मारायची दोरी आणि शिल्लक रंगाचे डबे विहारात ठेवावेत. विहाराचा फलक दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी हातानेच रंगवला जावा. ज्याचा हात स्थिर असेल त्याने रंगवावा, मग तो कोणाचा का मुलगा असेना. फ्लेक्स लावणार असाल तर ब्रश माझ्याबरोबर जाळून टाका.

कलम ४. बाजारपेठेतल्या एका चिक्कीच्या दुकानाचा फलक मी १९९४ साली आठ दिवस बसून लिहिला होता. सोनेरी अक्षरे, लाल सावली. दुकानदाराने फ्लेक्स लावला तेव्हा तो फलक काढून मागच्या गटारावर झाकण म्हणून टाकला, अक्षरे वर करून. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. या माणसाला मी माफ केलेले नाही आणि माझ्या वारसांनीही करू नये. चिक्की कुठूनही घ्यावी.

कलम ५. टॅबलेट आणि त्याचे पेन चैतालीला द्यावे. हे का, ते सांगितल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

फ्लेक्स आल्यावर माझा धंदा दोन पावसाळ्यांत बसला. त्यानंतर बरीच वर्षे मी बंगल्यांची गेटे आणि कंपाउंडे रंगवली. चैताली पुण्यात मोबाईलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत कामाला आहे. एकदा ती घरी आली आणि भिंतीवरचा नकाशा पाहत उभी राहिली. म्हणाली, काका, परदेशात लोक हौसेने नसलेल्या देशांचे नकाशे काढतात. कोणी कादंबरीसाठी, कोणी खेळासाठी. डोंगर आणि जंगले त्यांना जमतात. नकाशाचे नाव लिहायची फीत मात्र जमत नाही, ती ते विकत घेतात.

मला हसू आले. मी जन्मभर फितीच काढत आलो होतो. सत्कार असो, उद्घाटन असो, वाढदिवस असो, मधोमध एक फीत हवीच. दोन्ही टोके मागे दुमडलेली, टोकाला माशाच्या शेपटासारखी खाच, घडीच्या आत गडद सावली. तेच मी चैतालीने आणून दिलेल्या टॅबलेटवर काढू लागलो. पताका काढल्या, काठीला गुंडाळलेल्या गुंडाळ्या काढल्या, वाऱ्याने उडालेल्या फिती काढल्या. बारा-बारांचे संच करून तिने ते इंटरनेटवर विकायला ठेवले. या धंद्यात एकच नियम आहे. फितीत काही लिहायचे नाही. घेणारा आपल्या देशाचे नाव त्यात भरतो, म्हणून रिकामी असेल तरच ती विकली जाते. साठीच्या तोंडावर नवा धंदा मिळाला म्हणून मी हुरळून गेलो होतो, हे इथे नमूद करतो. पुढे जे झाले त्यात चैतालीचा दोष नाही, हेही नमूद करतो. ती टाईप करता करता थांबली आहे. तिने पुढे चालू ठेवावे.

कलम ६. भिंतीवरचा नकाशा.

तो माझा नाही, अपेक्षाचा आहे. ती अकरा वर्षांची असताना चार जुन्या कॅलेंडरची पाने पाठीकडून खळीने जोडून तिने एक देश काढला. त्यात सात नद्या आहेत. एका गावात फक्त आज्या राहतात. एक धरण आहे, त्याचे पाणी कोणाच्या घरात शिरत नाही. सगळे झाल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, वर नावाची फीत तुम्ही काढा, मला चांगली येत नाही.

मी तीन नंबरच्या ब्रशने, लाल रंगात काढली. आमच्या कामातली एक अडचण सांगतो. मराठी अक्षरे शिरोरेषेला लटकतात. फीत वाकडी काढली की प्रत्येक अक्षर वेगळे कलते, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. म्हणून मी त्या फितीची वरची कडच शिरोरेषा केली. जाड, काळी, वळणाबरोबर वळणारी. अक्षरे नुसती तिला खालून जोडायची. असली फीत मी आधी केली नव्हती आणि नंतरही केली नाही. नाव काय लिहू, विचारले. ती म्हणाली, ठरले की सांगते. रंग ओला असतानाच तिने डाव्या घडीवर अंगठा टेकला. मी ओरडलो. ठसा तसाच वाळला.

बारावीनंतर तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचे होते. मी म्हणालो, पेंटरची काय दशा आहे ती घरात बघतेस ना, आणि तिला नर्सिंगला घातले. तिने वाद घातला नाही. घातला असता तर मी ऐकले असते, असे मी लोकांना सांगत आलो आहे. हे खोटे आहे. नसते ऐकले. ती आता तळेगावात एका खाजगी दवाखान्यात सिस्टर आहे आणि चांगली सिस्टर आहे, असे तिथे जाऊन आलेले लोक मला सांगतात.

२०१८ साली पहिल्या संचाच्या अकरा फिती झाल्या होत्या, बारावी सुचत नव्हती. मी भिंतीवरून नकाशा उतरवला आणि गुंडाळून लोणावळ्यात झेरॉक्सच्या दुकानात नेला. तिथला स्कॅनर लहान निघाला, नकाशा त्यात मावेना. मी खिशातून कटर काढला आणि काउंटरवरच फीत नकाशातून कापून घेतली. पट्टी लावून अगदी काटकोनात कापली, एवढी काळजी घेतली. मोबाईलने फोटो काढला असता तरी चालले असते हे मला नंतर चैतालीने सांगितले. घरी येऊन नकाशा पुन्हा भिंतीला लावला, वर खिडकीसारखे भोक ठेवून. कापलेला तुकडा दुकानातच राहिला होता. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तो कचऱ्यात गेलेला होता. स्कॅन केलेल्या चित्रात अंगठ्याचा ठसा स्वच्छ दिसत होता. चैतालीला मी म्हणालो, तेवढा डाग काढ.

ती बारावी फीत सगळ्यांत जास्त गेली.

वर्षभर अपेक्षाचे घरी येणे झाले नव्हते; मग एका दुपारी ती ड्यूटीवरून तशीच, युनिफॉर्ममध्ये आली. सोबतच्या सिस्टरने तिला मोबाईलवर एका खेळाचा नकाशा दाखवला होता, तो तिने माझ्यापुढे धरला. तिच्या फितीत कुठल्यातरी परक्या देशाचे इंग्रजी नाव होते. तिने आवाज चढवला नाही.

"त्यांची अक्षरं तळाला बसलीत, आबा. वरची काळी कड नुसतीच राहिली आहे."

मग तिने भिंतीकडे पाहिले आणि तिला भोक दिसले. त्या वेळी मी गप्प बसलो असतो तरी बरे झाले असते. पण मी म्हणालो, "रिकामीच होती की गं ती."

"रिकामी नव्हती. नाव यायचं होतं."

एवढे बोलून ती गेली. याला सहा वर्षे झाली. आईला फोन करते, संदेशकडे येते, भाचीच्या वाढदिवसाला येते, या घरात येत नाही. मी फोन घेतला तर "आईला द्या" म्हणते. मीही देतो.

मी काय काय केले तेही लिहून ठेवतो. तो संच विक्रीतून काढायला लावला. पण ज्यांनी आधी घेतला त्यांच्याकडे तो आहेच, आणि ते कोण, कुठले, मला ठाऊक नाही. कोणत्या कोणत्या देशांवर माझ्या मुलीची फीत लागली आहे हे शोधायला मला एक जन्म पुरणार नाही. दुसरी फीत काढायला बसलो तोवर हात गेला होता. वहीभर फिती काढल्या, एकाही फितीची कड सरळ नाही. चैताली म्हणाली, फाईल आहे, छापून भोकात चिकटवू. मी नको म्हणालो. त्या फितीची डावी घडी स्वच्छ आहे.

तर तो नकाशा, वरच्या भोकासह, अपेक्षाला मिळावा. भोक कोणी बुजवू नये, मागून कागद लावू नये, फ्रेम करू नये. अपेक्षाला साक्षीदार करावे म्हणजे निदान सहीपुरती तरी घरात येईल, असे माझ्या मनात होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचे आहे त्याची साक्ष घेऊ नये, उद्या शंका निघते. म्हणजे एकतर ती येणार, नाहीतर तिला नकाशा मिळणार. मी नकाशा धरला. बोलावले असते तर ती आली असती असेही नाही.

कलम ७. माझ्या जलदानविधीला आणि पुण्यानुमोदनाला चौकात फ्लेक्स लावू नये. संदेश लावणारच, हे मी जाणून आहे. निदान 'श्रद्धांजली' शुद्ध लिहून घ्यावे. द ला ध जोडायचा असतो, ध ला द नव्हे. सबंध मावळात हे चुकीचे टांगलेले असते आणि माझ्या फोटोखाली ते मला सहन होणार नाही. फोटोखाली फीत नको. नाव साध्या सरळ ओळीत लिहावे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रेल्वेतून निवृत्त झालेले माझे शेजारी सुहास येवले यांनी करावी. ते सरळ आहेत आणि संदेशला घाबरत नाहीत.

परिशिष्ट. कलम ६ मधील वस्तूचे वर्णन.

हे लिहिताना वकिलांनी विचारले, नकाशाचे शीर्षक काय? शीर्षक नसेल तर कोणता नकाशा हे कसे ओळखणार? मी म्हणालो, त्याचे नाव कधी ठरलेच नाही. रतनबाई मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"ठरलंय की. बारावीला हुती तवाच ठरलं. तुमी कवा इचारलंत?"

मी तिथल्या तिथे विचारले. ती म्हणाली, "मी न्हाई सांगायची. तिचं हाय ते."

मग वकिलांचा खोळंबा नको म्हणून तिनेच अपेक्षाला फोन लावला. हात मेथीने ओले होते म्हणून स्पीकर चालू केला. वकील, चैताली, सुहासराव, मी, सगळे ऐकत होतो. रतनबाईने सांगितले की आबा नकाशा तुझ्या नावानं करत्यात, वकील त्याचं नाव मागत्यात, सांगू का. पलीकडे मागे वॉर्डातला आवाज येत होता.

"आई, ती रिकामीच होती ना? मग रिकामीच राहू दे."

फोन बंद झाला. रतनबाईने मेथीची पुढची जुडी सोडली.

त्यानंतर वकील म्हणाले, कागदात रिकामी जागा सोडता येत नाही, पुढे कोणीही तिच्यात काहीही भरतो, आडवी रेघ मारून टाकू. कोणीही काहीही भरतो हे मला त्यांच्याहून जास्त माहीत आहे. तरी मी रेघ मारू दिली नाही.

वस्तू : हाताने काढलेला नकाशा, एक. चार कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर. नद्या सात, धरण एक. वरच्या बाजूला मधोमध कापलेले भोक.
काढणार : अपेक्षा हौशीराम ओव्हाळ, त्या वेळी वय अकरा.
शीर्षक :

वरील जागा नजरचुकीने राहिलेली नाही. तिथे नाव यायचे आहे. ते लिहिण्याचा हक्क एकट्या अपेक्षाचा आहे. तिने लिहिले नाही, तर तो दुसऱ्या कोणाकडेही जात नाही, माझ्याकडे तर नाहीच.

ठिकाण : वलवण, लोणावळा
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार :
१. सुहास येवले, वलवण. (सही)
२. डॉ. अनघा घारे, लोणावळा. लिहून ठेवणार शुद्धीत असून त्यांना सर्व समजते. (सही)

लिहून ठेवणार : हौशीराम भिवा ओव्हाळ. सही जमत नसल्याने डाव्या हाताचा अंगठा. तो त्यांच्या सांगण्यावरून शीर्षकाच्या रिकाम्या जागेशेजारीही घेतला आहे. हात थरथरल्यामुळे तिथला ठसा फरकटला आहे. डाग समजून कोणी काढू नये.